अनुभव शून्य, संसार अकरा वर्षांचा

पुण्यात कर्वे रस्त्याने डेक्कनकडे येताना विजेच्या खांबांकडे लक्ष ठेवावं. देश कुठे चालला आहे हे रिझर्व्ह बँकेच्या आधी या खांबांना कळतं. एकेकाळी तिथे टायपिंग-शॉर्टहँडच्या क्लासची पत्रकं होती. १९९८-९९ च्या सुमारास कोबोल आलं, कारण २००० साल उजाडताच जगातले सगळे संगणक वेडे होणार होते. ते काही झाले नाहीत. डॉटकॉमवाल्यांना मात्र लवकरच वेड लागायची पाळी आली. मग जावा आलं, मग टेस्टिंग, मग डेटा सायन्स आणि आता एआय. पत्रकाचा पिवळा कागद तोच, खालची फाडून न्यायच्या नंबरांची झालरही तीच. एक ओळ तेवढी नवी आहे: 'नॉन-आयटी टू आयटी. गॅप चालेल. वयाची अट नाही.'

ही ओळ बावीस वर्षांच्या पोरासाठी नाही. ती पस्तिशी ओलांडलेल्या, गृहकर्जाचा हप्ता भरणाऱ्या, चाकणच्या कंपनीची बस पकडणाऱ्या गृहस्थासाठी आहे. बावीसच्या पोराला स्वप्न विकावं लागतं. छत्तिसाच्या गृहस्थाला फक्त शेजाऱ्याच्या गाडीकडे बोट दाखवलं की पुरतं.

आमचे दाजी याच खांबाला धडकले.

दाजी मेकॅनिकलवाले. आधी डिप्लोमा, मग डायरेक्ट सेकंड इयरला इंजिनीअरिंग. एम-थ्री नावाच्या गणिताच्या पेपरने त्यांचं एक वर्ष खाल्लं. ते मिळून पदवी, आणि पदवी मिळून चाकण. गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत क्वालिटी विभागात अकरा वर्षं. लग्नालाही अकराच. दोन्हीकडे त्यांचं काम एकच: चूक कुणाची ते शोधायचं आणि कुणाचंही नाव न घेता लिहायचं.

समोरच्या विंगमधला मुलगा हिंजवडीच्या आयटी पार्कला जातो. म्हणजे पूर्वी जायचा. आता तो घरातूनच जातो. त्याचा पगार सोसायटीतल्या सगळ्यांना ठाऊक आहे. त्याला स्वतःला तो इतका आहे हे ठाऊक नाही, एवढाच फरक. दाजी थर्ड शिफ्ट संपवून सकाळी परतायचे तेव्हा हा बाल्कनीत चहा पीत 'मी ऐकू येतोय का?' असं विचारत असायचा. सकाळी आठला एखाद्या माणसाला एवढं सुखी पाहिलं की कुणाचंही करिअर हलतं.

क्लासमध्ये दाजींना 'कौन्सेलर' भेटली. साठ हजार फी, त्यावर १८ टक्के जीएसटी, एकूण ७०,८००. दाजींचा चेहरा पाहून ती गोड आवाजात म्हणाली, "सर, नो कॉस्ट ईएमआय आहे." दाजींनी फोनवर तीन ठिकाणी 'आय ॲग्री' दाबलं. घरी आल्यावर ताईने मेसेज वाचले तेव्हा कळलं, क्लासला हप्ते नव्हतेच. एका फायनान्स कंपनीने दाजींच्या नावावर कर्ज काढून क्लासला पैसे चुकतेही केले होते. क्लास आवडला नाही तर क्लास सोडता येतो. कर्ज सोडता येत नाही.

'नोकरी लागल्यावर पैसे द्या' असाही एक प्रकार असतो. तो ऐकायला फार उदार वाटतो. अमेरिकेत लॅम्डा स्कूल नावाच्या संस्थेने त्यावर नाव कमावलं, पुढे ती नाव बदलून ब्लूमटेक झाली. एप्रिल २०२४ मध्ये तिथल्या ग्राहक वित्त संरक्षण ब्युरोने तिला पकडलं. जाहिरातीत ७१ ते ८६ टक्के विद्यार्थ्यांना नोकऱ्या लागल्याचं सांगितलं जायचं, आतल्या कागदांत आकडा पन्नासच्या आसपास आणि काही तुकड्यांत त्याहून बराच खाली होता. शिवाय 'हे कर्ज नाहीच' असं जे सांगितलं जायचं, ते कर्जच होतं. संस्थेला ग्राहकांना कर्ज देण्यावर कायमची बंदी घातली गेली. आपल्याकडच्या खांबांवर मात्र १०० टक्क्यांच्या खाली कुणी उतरत नाही. ८६ टक्के छापायला अमेरिकन भित्रेपणा लागतो.

बॅचची वेळ रात्री आठ ते दहा.

ही वेळ ज्याने ठरवली त्याने कधी मराठी घर पाहिलेलं नसावं, किंवा फार नीट पाहिलेलं असावं. आठ ते दहा म्हणजे पोळ्या, पोराचा गृहपाठ, आईची बीपीची गोळी, ओटा आवरणं आणि दुसऱ्या दिवशीच्या डब्याची भाजी निवडणं. या सगळ्यातून एक माणूस हेडफोन लावून उठून गेला की उरलेलं काम हवेत विरत नाही. ते ताईकडे जातं. ताई एका शाळेत शिकवते. तिची पहिली शिफ्ट सकाळची, दुसरी घरची, आणि आता तिला थर्ड शिफ्टही लागली, नाइट अलाउन्सशिवाय.

दाजी दोन आठवड्यांत पूर्ण विद्यार्थी झाले. 'माझा अभ्यास आहे' हे वाक्य मराठी घरात एवढं पवित्र आहे की ते म्हणणाऱ्याचं वय कुणी विचारत नाही. आई दूध आणून देऊ लागल्या. चिरंजीवांना तंबी मिळाली की बाबांचा लॅपटॉप मागायचा नाही. वास्तविक लॅपटॉप चिरंजीवांसाठी घेतलेला होता. आता बाप-लेक एकाच टेबलावर बसायचे. मुलगा अपूर्णांकांशी झुंजायचा, बाप अर्धविरामांशी. जावात अर्धविराम राहिला तर काहीच चालत नाही. दाजींची अकरा वर्षं मायक्रॉन मोजण्यात गेलेली, पण या टिंबाखालच्या स्वल्पविरामाने त्यांना रडवलं.

पैसे कुठून आले तेही सांगून टाकतो, कारण यशोगाथेच्या व्हिडिओत ते कधीच नसतं. हप्त्यांसाठी ताईची आरडी मोडली. आईंनी ठेव मोडायची तयारी दाखवली. दिवाळीत गावी जाणं रद्द झालं. नवउद्योगात असे पैसे घालणाऱ्याला 'एंजल इन्व्हेस्टर' म्हणतात, त्याला समभाग मिळतात, बैठकीत खुर्ची मिळते, प्रश्न विचारायचा हक्क मिळतो. घरात पैसे घालणाऱ्याला 'घरचे' म्हणतात. व्हिडिओच्या शेवटी 'घरच्यांचा सपोर्ट होता' एवढा त्यांचा लाभांश.

असो. तीन महिन्यांचा कोर्स सहा महिन्यांत पुरा झाला. (पीटर नॉर्विग या संगणकशास्त्रज्ञाने २००१ साली प्रोग्रॅमिंग शिकण्यावर एक गाजलेला निबंध लिहिला, त्याच्या शीर्षकात मुदत दिलीय दहा वर्षांची. असला माणूस कर्वे रस्त्यावर क्लास काढेल तर एका हंगामात शटर ओढेल.) दाजींनी टू-डू लिस्टचं ॲप बनवलं, हवामानाचं ॲप बनवलं, एका खरेदीच्या वेबसाइटची नक्कल केली. बॅचमधल्या प्रत्येकाने हीच तीन बनवली. हिंजवडीत उमेदवार निवडणाऱ्यांनी आजवर एवढी हवामानाची ॲप्स पाहिली असतील की वेधशाळेची गरज उरू नये.

आणि मग दाजी बाजारात उतरले. खरी मौज इथे.

अनेक मोठ्या कंपन्यांच्या नव्या भरतीत एक अट असते: सगळीकडे ६० टक्के. सगळीकडे म्हणजे दहावी, बारावी किंवा डिप्लोमा आणि पदवी. पदवी कुठल्या साली, मध्ये गॅप किती, बॅकलॉग होता का. छत्तीस वर्षांच्या, एका मुलाच्या बापाला, ज्याच्या सहीशिवाय रोज हजारो सुटे भाग कंपनीच्या गेटबाहेर जात नाहीत, त्याला संगणकाने विचारलं, दहावीला किती? दाजींना दहावीला ७४ होते. ते आनंदाने भरले. मग एम-थ्रीने खाल्लेलं वर्ष आलं. मग पदवीचं साल आलं. चौकटीत निवडायला शेवटची तीनच सालं होती. दाजींचं साल त्या यादीत नव्हतं. खांबावर वयाची अट नव्हती. ती त्या चौकटीत होती.

म्हणजे झालं असं: फ्रेशर म्हणून दाजी फार जुने आणि अनुभवी म्हणून फार नवे. अकरा वर्षं त्यांनी काय केलं याला चौकटच नाही.

यावर क्लासकडे तोडगा तयार होता. कौन्सेलरच्या मागच्या केबिनमध्ये एक 'सर' बसतात, ते हळू आवाजात बोलतात. चाकण काढून टाका म्हणाले. त्या जागी एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीतला तीन वर्षांचा जावाचा अनुभव टाकू. ऑफर लेटर, पगाराच्या स्लिपा, रिलीव्हिंग लेटर, सगळं मिळेल. त्याचे वेगळे पैसे.

दाजींनी विचारलं, "आणि पीएफ?" कारण पीएफच्या यूएएन खात्यात प्रत्येक नोकरीची तारीखवार नोंद असते आणि पार्श्वभूमी तपासणारे आता पहिल्यांदा तेच उघडतात. तिथे अकरा वर्षं चाकण लखलखत असतं. सर म्हणाले, "ते बघू."

दाजी उठून आले. नैतिकतेचा झटका वगैरे आला असं आम्ही म्हणणार नाही. ते क्वालिटीवाले आहेत. खोट्या तपासणी अहवालासह माल आला तर तो लाल पेटीत टाकायचा हे त्यांच्या हाताला लागलेलं वळण आहे. या खेपेला तो माल ते स्वतःच होते, इतकंच.

आता सल्लागार जागे झाले. आपल्याकडे माणूस संकटात येईपर्यंत ते सुट्टीवर असतात. एका काकांनी सांगितलं, एआय आलंय, प्रोग्रॅमिंग संपलं. दुसऱ्यांनी सांगितलं, एआय आलंय, आत्ताच शिरा. दोघांनीही एकच व्हॉट्सॲप संदेश वाचलेला होता. पहिल्या काकांची बाजू एकदम पोकळ नाही. एनव्हिडियाचे जेन्सन हुआंग फेब्रुवारी २०२४ मध्ये दुबईच्या व्यासपीठावरून म्हणाले होते की पुढे कुणाला प्रोग्रॅमिंग शिकावंच लागू नये असं तंत्रज्ञान बनवणं हे आमचं काम. त्यापेक्षा लोकांनी जीवशास्त्र, शिक्षण, शेती, कारखानदारी अशा विषयांत पारंगत व्हावं. चिपा विकणाऱ्याने असं म्हणणं साहजिक आहे. पण गंमत बघा, जगातला सर्वात मोठा चिपवाला म्हणतोय कारखानदारी शिका, आणि आमचे दाजी कारखान्यातून पळण्यासाठी कर्ज काढून बसलेत.

जुलै २०२५ मध्ये टीसीएसने आपले सुमारे दोन टक्के, म्हणजे बारा हजारांवर लोक कमी करणार असं जाहीर केलं, तेही मुख्यतः मधल्या आणि वरच्या फळीतले. त्या दिवशी समोरच्या बाल्कनीतला चहा लवकर आटोपला. त्याआधीच्या वर्षी कॉग्निझंटची बिगर-इंजिनीअरिंग पदवीधरांसाठीची २.५२ लाखांची वार्षिक ऑफर देशभर थट्टेचा विषय झाली होती. ताईने ती थट्टा महिन्यात भागून पाहिली: २१,००० रुपये. मग कालनिर्णयच्या चौकटीतला दुधाचा हिशेब, शाळेची फी, गृहकर्ज आणि क्लासचा 'नो कॉस्ट' हप्ता शेजारी मांडला. इंजिनीअरांना जास्त देतात, दाजी म्हणाले. किती जास्त, आणि किती साली पास झालेल्या इंजिनीअरांना, असं ताईने विचारलं. शिक्षिकेशी लग्न केल्यावर उपप्रश्न येतात.

हे सगळं चालू असताना कंपनीत एक भानगड झाली.

चाकणच्या त्या कारखान्यात उत्पादनाची नोंद ठेवणारं नवं सॉफ्टवेअर आलं होतं. चकचकीत, रंगीत, मोठ्या पडद्यावर. पण थर्ड शिफ्टचे आकडे रोज चुकायचे. रिजेक्शन एका दिवशी आकाशाला भिडायचं, दुसऱ्या दिवशी शून्य. सॉफ्टवेअरवाले म्हणत डेटा चुकीचा भरता. कामगार म्हणत मशिनच बिघडलंय. मॅनेजर दोघांवर ओरडायचे.

दाजींनी फाइव्ह व्हाय लावलं. टोयोटाच्या कारखान्यातून निघालेली ही रीत चाकणमध्ये पोरंही जाणतात: 'का' विचारायचं, उत्तर आलं की त्यालाही 'का' विचारायचं, पाचव्या 'का'पर्यंत मूळ हाती लागतं. आकडे का चुकतात? अर्धे भाग दुसऱ्या तारखेत जातात. का? थर्ड शिफ्ट रात्री अकराला सुरू होते आणि सकाळी सातला संपते. मग? सॉफ्टवेअर रात्री बाराला तारीख बदलतं. का? कारण ते लिहिणाऱ्याने दिवस म्हणजे तारीख असं धरलं. आणि असं का धरलं? कारण त्याने आयुष्यात कधी थर्ड शिफ्ट केलेली नाही.

कारखान्यात दिवस मध्यरात्री संपत नाही. सकाळी सातला संपतो. हे जावाच्या कुठल्याही पुस्तकात नाही आणि कर्वे रस्त्यावरच्या कुठल्याही सरांना सांगता येणार नाही. दाजींना ते अंगात भिनलेलं होतं, आणि सहा महिन्यांच्या अभ्यासाने त्यांना पहिल्यांदा एवढं कळत होतं की ही चूक प्रोग्रॅममध्ये कुठल्या ओळीच्या आसपास असेल. त्यांनी ते सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या हिंजवडीच्या पोरांना मेल लिहिली. सोबत जावामध्ये स्वतः लिहिलेली चाळीसेक ओळींची दुरुस्ती. एम-थ्री नापास.

ज्याला सॉफ्टवेअरवाले डीबगिंग म्हणतात ते दाजी अकरा वर्षं चाकणमध्ये एट-डी रिपोर्टच्या, म्हणजे चूक शोधून लिहायच्या अहवालाच्या, नावाने करत होते. फरक पगाराचा आणि खुर्चीचा. आणि क्लासवाले सर त्यांना नेमकं हेच पुसून टाकायला सांगत होते, वर त्याचे वेगळे पैसे मागत होते. पुण्यात गाड्यांसाठी, कारखान्यांसाठी सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या कंपन्यांची रांग आहे. त्यांच्याकडे जावा येणारे ढिगाने आहेत. थर्ड शिफ्ट येणारा एखादा असला तर असला. पण त्यांच्याही अर्जात पदवीच्या सालाची चौकट तेवढीच कडक आहे, हेही सांगितलं पाहिजे, नाहीतर आम्हीही खांबावर चिकटायच्या लायकीचे.

इथे एका बाईंची आठवण काढतो. स्टेफनी शर्ली. लहानपणी नाझींपासून वाचवून ब्रिटनला आणलेली निर्वासित मुलगी. १९६२ साली सहा पौंड भांडवलावर तिने सॉफ्टवेअर कंपनी काढली. कामाला घेतल्या त्या मुलंबाळं झाल्यामुळे नोकरी सुटलेल्या बायका, घरी बसून प्रोग्रॅम लिहिणाऱ्या. पहिल्या तीनशे जणांत पुरुष तीन. कामासाठी पाठवलेल्या पत्रांना उत्तरं येईनात तेव्हा तिने 'स्टीव्ह' अशी सही सुरू केली, मग येऊ लागली. फोनवर गिऱ्हाइकाला पोराचं रडणं ऐकू जाऊ नये म्हणून मागे टायपिंगच्या आवाजाची टेप लावायची. कॉन्कॉर्ड विमानाच्या ब्लॅक बॉक्सचा प्रोग्रॅम याच बायकांनी लिहिला. पुढे १९७५ चा समानतेचा कायदा आला आणि पुरुषांनाही घेणं भाग पडलं!

सांगायचं कारण असं की शर्लीबाईंनी रडणारं पोर धरूनच कामाची आखणी केली होती. कामाच्या वेळा घर पाहून ठरत. आमच्या क्लासने वेळ ठरवली आणि घराला म्हणाला, जुळवून घे. व्हिडिओ कॉलमध्ये मागचा भाग धूसर करायची सोय आहे ना, ती याच धोरणाची. त्या धूसर पट्ट्यात ताई पोळ्या लाटत असते.

दाजींच्या त्या दुरुस्तीचं पुढे काय झालं? हिंजवडीवाल्यांनी ती घेतली आणि आभाराची मेल मॅनेजरना गेली. दाजींना विभागात 'आयटीवाले' हे नाव पडलं, पगार तोच राहिला, आणि कुणाचा प्रिंटर अडकला तरी त्यांनाच बोलावणं येऊ लागलं. त्या सॉफ्टवेअर कंपनीतून एकाने मात्र खासगीत फोन केला. प्लांटवर जाऊन सॉफ्टवेअर बसवणारा माणूस हवा आहे, कारखाना कळणारा. आधी मुलाखत, मग बघू. दाजी लगेच हो म्हणणार होते. ताईने कागद-पेन घेतलं. तीन महिन्यांच्या नोटीसमध्ये नवी कंपनी थांबेल का, पगार आत्ताच्यापेक्षा कमी असेल तर किती महिने, मेडिक्लेममध्ये आई धरतात का, आणि पुढचा कुठलाही कोर्स केलास तर त्याच्या फीमध्ये पोळ्यांच्या मावशींचा पगार आधी धरायचा. दाजी म्हणाले, मावशी कशाला? ताईने नुसतं बघितलं. मावशी यादीत राहिल्या.

मुलाखत पुढच्या आठवड्यात आहे. दाजींनी रिझ्युमेवर चाकण ठळक अक्षरांत लिहिलंय.

तेवढ्यात क्लासचा फोन आला, ओळखीतलं कुणी असेल तर पाठवा म्हणून. दाजी शिफ्टला होते, ताईने उचलला. कौन्सेलर उत्साहाने म्हणाली, "मॅडम, तुम्हीच का नाही जॉइन होत? टीचर आहात, पटकन जमेल. कपल ऑफर पण आहे, वीस टक्के ऑफ."

"बॅच किती वाजता?"

"आठ ते दहा, मॅडम."

"आणि पोळ्या?"

कौन्सेलर क्षणभर थांबली. तिच्यापुढे प्रश्नोत्तरांचा छापील कागद असणार, त्यात शोधत असावी.

"रेकॉर्डिंग मिळेल, मॅडम."